देवाच्या तराफ्याखाली आमची पिंपं

मी लग्न होऊन तंजावरला आले तेव्हा सासरी तेलाचा धंदा आहे, एवढंच आमच्याकडे कळलं होतं. मिरजेकडच्या आमच्या गावात तेलाचा धंदा म्हणजे घाणा. शेंगतेल, नाहीतर करडईचं. आईला फार बरं वाटलं. म्हणाली, "पोरीला तळणीला तेल कधी कमी पडायचं नाही." इथं येऊन बघते तर परसात काळीकुळकुळीत लोखंडी पिंपं रांगेनं उभी, आणि त्यांतल्या तेलात काही तळायचंच म्हटलं तर बसचं चाक तेवढं तळता आलं असतं.

मोटारीच्या इंजिनातलं तेल जळून काळं झालं की ते काढून नवं घालतात. त्या काळी बसच्या शेडमधून हे जळकं तेल सरळ गटारात जायचं. माझे सासरे, म्हणजे मामंजी, ते जाऊ द्यायचे नाहीत. बैलगाडीवर दोन पिंपं टाकून ते बसच्या शेडी, लॉरीवाले, भाताच्या गिरण्या, शेतातली पंपाची इंजिनं असं सगळं हिंडायचे. इकडं तिरुवैयारु, तिकडं पापनाशमपर्यंत. आणलेलं तेल परसातल्या पिंपांत ओतायचं आणि हलवायचं नाही. पाणी आणि गाळ खाली बसला की वरचं हातपंपानं उपसायचं, जुन्या धोतराच्या चौपदरी घडीतून गाळायचं. वरचं निवळ तेल बैलगाड्यांच्या आसाला वंगण म्हणून जाई. मधलं लोक खांबांना आणि वाशांना वाळवी लागू नये म्हणून नेत. तळाचा चिखल वीटभट्टीवाला जाळायला न्यायचा. काही म्हणून वाया जायचं नाही. जायचे ते मामंजींचे हात.

ते हात कधी पांढरे झालेच नाहीत. त्यामुळे मामंजी घरात सगळं कोपरानं करायचे. दार कोपरानं ढकलायचे, म्हणून सगळ्या कड्या कोपराच्या उंचीवर बसवलेल्या. पाहुणा आला की दोन्ही कोपरं जुळवून नमस्कार. कॉफी हवी असली की स्वयंपाकघराच्या दारातून आधी एक कोपर आत यायचं, मग आत्याबाई, म्हणजे सासूबाई, लोटा कडेनं त्यांच्या ओठांशी धरायच्या. लग्नात मी पाया पडले तेव्हा डोक्यावर हाताऐवजी टणकन काहीतरी बसलं. मी घाबरून वर बघितलं तर मामंजींचं कोपर. मला वाटलं, इकडं आशीर्वादाची हीच पद्धत असेल. पुढं महिनाभर कुणाच्या पाया पडायची वेळ आली की मी डोकं जरा आखडूनच वाकायची.

माझी शाळा पाचवीत सुटली होती आणि स्वभाव भित्रा. मी सगळ्याला भ्यायची. तमिळला भ्यायची, केळीच्या पानावर रसम ओतलं की ते वाहून मांडीवर येईल याला भ्यायची, आणि सासरची मंडळी आपल्याला एक दिवस परत मिरजेच्या गाडीत बसवतील याला तर रोजच. तसं त्यांनी कधी काही दाखवलं नव्हतं, उलटच. हे घर पिढ्यान् पिढ्या इकडे राहिलेलं. घरात मराठी टिकावी म्हणून माझ्यासारखी लांबची मुलगी शोधून आणलेली. मला तिन्ही त्रिकाळ भात जाईना हे बघून आत्याबाईंनी गहू दळून आणले आणि चपात्या केल्या. त्यांनी जन्मात लाटणं धरलं नव्हतं. त्या चपात्या वाजायच्या. मला एकटीला खाताना लाज वाटू नये म्हणून मामंजीही माझ्याबरोबर खायचे, सांबारात भिजत घालून, आणि दुपारभर पोटावर कोपर दाबून बसायचे. अशा माणसांचं आपण काय देणं लागतो, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

त्यांची मराठी मला पोथीतल्यासारखी वाटायची. "कोठें गेली होतीस गे?" असं आत्याबाई विचारायच्या आणि मला आपण आख्यानातलं एखादं पात्र असल्यासारखं वाटायचं. बोलायचे सगळे, पण देवनागरी घरात कुणालाच वाचता येत नव्हती. मी पाचवी शिकलेली म्हणजे तिथं पंडितच. मामंजींनी पहिल्याच आठवड्यात मला चुन्याचं भांडं आणि काथ्याचा कुंचला दिला आणि पिंपांवर नावं घालायला सांगितली. कोणत्या पिंपात कसलं तेल ते आपल्याला कळावं, गिऱ्हाइकाला कळू नये.

"काय लिहू?" मी विचारलं.

"जें असेल तें," मामंजी म्हणाले.

तेव्हा मी काही पिंपांवर 'चांगलं' लिहिलं, काहींवर 'बरं' आणि बाकीच्यांवर 'वाईट'. मामंजी लांब उभे राहून कौतुकानं बघत होते. मग त्यांनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. गल्लीतली तमिळ मंडळीही येऊन 'वाईट'कडे आदरानं बघून गेली.

आमच्याकडे एक हिरवं पाणीही होतं. लष्करानं लिलावात काढलेली एक लॉरी कुणी बसमालकानं घेतली. ती म्हणे बर्फाच्या डोंगरावर चालायची. तिच्या रेडिएटरात घालायचं, गोठू नये म्हणून, हे औषध. दोन डबे सीलबंद निघाले. बसमालक फेकणार होता, ते मामंजींनी आणले. तंजावरला ते कुणाला विकणार? इथं मार्गळी महिन्याच्या थंडीत गोठतं काय, तर न्हाणीघरातलं खोबरेल. तरी मामंजी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्याकडे न गोठणारें पाणी आहे." गिऱ्हाईक म्हणायचं, "आमच्या विहिरीतही तेंच आहे." वासाला ते गोड होतं, पण विषारी, म्हणून आत्याबाईंनी ते माळ्यावर ठेवून वर मोठा दगड ठेवला होता. मी त्या दगडालाही भ्यायची.

आता मुख्य गोष्ट. आमच्या पेठेतल्या देवळाला तळं आहे, आणि तै महिन्यात, म्हणजे आपल्या पौष-माघात, तिथं देवाला तराफ्यात बसवून तळ्यात फिरवतात. तेप्पम म्हणतात त्याला. खाली रिकामी पिंपं बांधायची, वर बांबू, वर फळ्या, वर फुलांचा मंडप. देव आत, आणि देवापुढं फळीवरच नागस्वरम आणि तविल वाजवणारे. नागस्वरम म्हणजे आपल्या सनईची थोरली बहीण आणि तविल म्हणजे एका अंगाला काठीनं, दुसऱ्या अंगाला बोटांनी वाजवायचा ढोल. काठावरच्या पायऱ्यांवरून माणसं जाड काथ्याचा दोर धरून तराफा ओढत तळ्याला फेऱ्या घालतात. त्या दोराला हात लागला की वर्षाचं पुण्य, असं सगळे मानायचे.

मामंजींचा हात त्या दोराला कधी लागला नव्हता. त्यांना लावूच देत नसत. दोराची व्यवस्था बघणारे एक धिप्पाड गृहस्थ होते, पांढरंशुभ्र उपरणं आणि आवाज देवळाच्या घंटेएवढा. ते दरवर्षी सगळ्यांसमोर म्हणायचे, "अहो, तुम्ही हात लावलात तर दोर गुळगुळीत होईल, आणि देव आमच्या हातून सुटून थेट कुंभकोणमला जाऊन थांबेल!" लोक हसायचे. मामंजीही हसायचे, कोपरं जुळवायचे आणि मागं पिंपळाखाली जाऊन उभे राहायचे. घरी आल्यावर मात्र त्या रात्री जेवत नसत. आत्याबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता.

त्या वर्षी तराफ्याची जुनी पिंपं गंजून भोकं पडलेली निघाली. नवी आणायला वेळ नाही. गावात रिकामी करता येतील अशी इतकी पिंपं फक्त आमच्याकडे. धिप्पाड गृहस्थ स्वतः दारात आले, नाकाला उपरणं लावून.

मामंजी म्हणाले, "पिंपं न्या म्हणजे न्याच. मला एवढेंच पाहिजे, दोराला हात."

त्यांनी मामंजींच्या तळव्यांकडे बघितलं आणि उसासा टाकला. "असं करू. त्या दिवशी मी नवं उपरणं घालून येतो. तुम्ही दोन्ही तळवे त्याच्यावर दाबायचे. डाग नाही पडला तर दोर तुमचा. पडला तर पिंपळ तुमचा."

झालं. त्या दिवसापासून घरात धंदा बंद आणि हात धुणं सुरू. चिंच, राख, शिकेकाई, भाताचा कोंडा, लाकडाचा भुसा, ताकात कालवलेलं बेसन. जो येईल तो काहीतरी नवीन सुचवायचा. मामंजी ओसरीवर दोन्ही हात पुढं करून बसायचे आणि आत्याबाई ते भांडं घासल्यासारखे घासायच्या.

"हळू गे, कातडें माझें आहे!"

"तें आंत आहे. अजून लागायचें आहे."

इकडं पिंपं धुण्याचं काम माझ्या नवऱ्याकडे, म्हणजे यांच्याकडे आलं. पिंपात कढत पाणी, सोडा आणि दोन ओंजळी खडी घालायची, बूच घट्ट लावायचं आणि गल्लीतून लोळवत न्यायचं. आत खडी लोखंडाला घासते, चिकटलेलं सुटतं. मग घाण पाणी परसातल्या खड्ड्यात उपडं करायचं, खडी काढून घ्यायची आणि पुढचं पिंप. गल्लीभर असा गडगडाट की समोरच्या म्हाताऱ्यांनी तीन दिवस वाळवण घातलं नाही, पाऊस येणार म्हणून. हे प्रत्येक पिंपात डोळा लावून बघायचे, खडा राहिला का. मला म्हणायचे, "एक खडा राहिला तरी अप्पांची लाज जाईल." हे माझ्यासारखेच, मी जेवढी भ्यायची त्याच्या दीडपट भ्यायचे. आमचं जमायचं ते त्यामुळंच.

देवळाची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. धुतलेली, वाळलेली पिंपं बुचं काढून ओळीनं उभी. मी मुद्दाम माझी अक्षरं पुसायला घेतली होती, देवाच्या खाली 'वाईट' कसं जाणार म्हणून. पण चुना लोखंडात असा बसला होता की हलेना. तो घोर होताच. त्याहून दुसरा मोठा घोर सकाळपासून गळ्याशी आला होता, आणि सांगायचं धाडस होत नव्हतं.

"तोंड असें कां केलें गे?" आत्याबाईंनी विचारलं.

"कुठं काय."

"पोट दुखतें?"

"नाही हो. आत्याबाई, ही अशीच द्यायची?"

"अशींच म्हणजे?"

"रिकामी."

आत्याबाई जागच्या जागी थांबल्या. आमच्या गावात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत की रिकामं देत नाहीत. शेजारणीची वाटी असली तरी चिमूटभर साखर, चार दाणे तांदूळ, काहीतरी घालूनच द्यायचं. रिकामं भांडं दिलं तर घेणाऱ्याचं घर रिकामं होतं. आणि इथं तर घेणारा देव.

मला वाटलं त्या हसतील. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तुमच्या तिकडेही असेंच करतात?"

"हो. तुमच्याकडे?"

"माझी आजी मला ह्यावरून मारीत होती!" आत्याबाई म्हणाल्या आणि मटकन पायरीवर बसल्या. "आणि मी म्हातारी झालें, ध्यानांत कसें आलें नाहीं माझ्या? चल, चल, ऊठ."

मी तर उभीच होते. पण मला काय झालं ते सांगता येत नाही. त्यांचं जेवण वेगळं, नेसणं वेगळं, बोलणं पोथीतलं. आणि एवढ्या लांब, इतक्या पिढ्यांनंतर, ही एक गोष्ट माझ्या आईच्या स्वयंपाकघरातली तशीच्या तशी निघाली. आम्ही दोघींनी डबा काढला. प्रत्येक पिंपात एक हळकुंड, एक सुपारी आणि चिमूटभर तांदूळ. एवढंच बुचाच्या भोकातून जात होतं. आत पडताना टण्ण असा आवाज यायचा आणि आत्याबाई दर खेपेला हात जोडायच्या. मग बुचं फिरवून घट्ट बसवली. पुरुषांना सांगायचं आम्हाला सुचलंच नाही. स्वयंपाकात मीठ घातलं हे कुणी ओसरीवर जाऊन सांगतं का?

उत्सवाच्या दिवशी मामंजी ऊन उतरायच्या आधीच तयार. नवी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, कपाळाला विभूती, आणि दोन्ही हात केळीच्या पानांत गुंडाळलेले, वाटेत काही लागू नये म्हणून. गल्लीत लोक विचारायचे, "हातांना काय झालं?" मामंजी म्हणायचे, "सण आहे हातांचा."

तळ्यावर धिप्पाड गृहस्थ उभे होते. उपरणं कोरं, घडीसुद्धा न मोडलेलं. त्यांनी ते पसरून दोघांना धरायला लावलं. आत्याबाईंनी पानं सोडली. तळवे लालबुंद झाले होते, पण खरंच स्वच्छ. मामंजींनी डोळे मिटले, दोन्ही तळवे उपरण्यावर दाबले आणि उचलले.

डाग नव्हता. होत्या त्या रेघा. तळव्याच्या रेघांत खोल बसलेलं तेल घामानं बाहेर आलं होतं. पांढऱ्या उपरण्यावर मामंजींची आयुष्यरेषा, मस्तकरेषा, भाग्यरेषा, सगळ्या काळ्या शाईनं काढल्यासारख्या उमटल्या.

"हे काय?" धिप्पाड गृहस्थांनी विचारलं.

"माझें नशीब," मामंजी म्हणाले.

एवढा हशा झाला की पिंपळावरचे कावळे उडाले. गर्दीतला एक जोशी पुढं येऊन म्हणाला, "आयुष्य पुष्कळ आहे हो, पण प्रवास नाही." मामंजी हसले. सवयीनं कोपरं जुळवली आणि मागं पिंपळाखाली गेले. आत्याबाई केळीची पानं घडी घालत राहिल्या, अगदी बारीक घडी, घालून झाली की पुन्हा उलगडून पुन्हा.

देव तराफ्यात बसले. मी पायऱ्यांवर बायकांच्या कडेला उभी होते आणि माझा जीव पिंपांवरच्या अक्षरांत. तराफ्याच्या अगदी तोंडाशी, पाण्याच्या वर, ठळक 'बरं'. संस्कृत येणारे भटजी खाली वाकून वाचताना मला दिसले. त्यांनी वर बघून दुसऱ्या भटजींना गंभीरपणे सांगितलं की हे बीजाक्षर असावं. मी मनात म्हटलं, देवा, दुसऱ्या बाजूला नको येऊ देऊ त्यांना.

नागस्वरम सुरू झालं. दोर ताणला, तराफा हलला, आणि त्याच्याबरोबर पाण्याखालून आवाज आला.

खडाड्, टण, टण, खर्रर्र.

नागस्वरम क्षणभर दचकलं आणि पुढं निघालं. माणसांनी पुन्हा हिसका दिला. खडाड्, टण, टण, खर्रर्र. रिकामी लोखंडी पिंपं म्हणजे नगारेच की. आत एकेक सुपारी, आणि खाली पाणी. एवढा घुमारा आम्हा दोघींच्या डोक्यातही आला नव्हता. माझ्यापुढची एक म्हातारी गाल बडवून घेत म्हणाली, "अंबाळचे पैंजण!" अंबाळ म्हणजे देवी, देवाशेजारीच बसलेली. तंजावरचे लोक मात्र लयीच्या बाबतीत सोनाराच्या काट्यासारखे. पैंजण असले तरी चुकीच्या ठिकाणी वाजत होते. मांडीवर ताल धरून बसलेल्या माणसांचे हात मध्येच लटकले. सगळे एकमेकांकडे संशयानं बघू लागले.

माझ्या शेजारी पायऱ्यांवर हे उभे होते. "खडी," ते पुटपुटले. "खडी राहिली. सगळ्यांत राहिली."

"खडी नाही ती," मी म्हटलं.

"मग?"

तोवर तविल थांबलं होतं. तविल वाजवणारे विद्वान, इकडं वस्तादांना असंच म्हणतात, तापट म्हणून प्रसिद्ध. ते फळीवर उभे राहिले, काठी उंच धरली आणि तळ्याच्या चारी बाजूंना ऐकू जाईल असं ओरडले, "माझ्या मांडीखाली कोण वाजवतोय? समोर ये!"

धिप्पाड गृहस्थांनी लगेच पिंपळाकडे बोट दाखवलं. "पिंपं त्यांची!"

मामंजींना धरून पुढं आणलं. "देवाशपथ, रिकामीं आहेत," ते म्हणाले. "माझ्या मुलानें धुतलीं. आंत कांहीं नाहीं."

यांनी डोळे मिटून घेतले. आणि तेवढ्यात माझ्या मागून आत्याबाईंचा आवाज आला, खणखणीत तमिळमध्ये, असा मोठा की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

"रिकामी कशी असतील? रिकामं भांडं देवाला देतं का कुणी? हळकुंड आहे, सुपारी आहे, अक्षता आहेत. सुनेनं आणि मी घातल्या. आमच्या दोघींच्याही गावची रीत आहे ती!"

मी पदर तोंडात कोंबला. मिरजेची गाडी किती वाजता सुटते ते आठवायला लागले.

विद्वान वाकले. फळीला कान लावला. पायानं तराफा जरा हलवला. टण. पुन्हा हलवला. टण.

"सुपारी," ते म्हणाले. "चांगली जुनी सुपारी आहे. आवाज वाईट नाही." मग दोर धरलेल्या माणसांकडे वळून भडकले, "वाईट तुम्ही आहात! हिसका दिला की वाजतं, आणि तुम्ही हिसका देता तो भलत्या मात्रेवर! बैल ओढताय का? जो तो आपापल्या मनानं!" काठी फिरून मामंजींवर आली. "तुम्ही! तुम्हाला ठेक्यात ओढता येतं?"

"मी तेलाचा पंप मारतों," मामंजी चाचरत म्हणाले.

"कसा मारता? दाखवा."

मामंजींनी रिकाम्या हवेत पंप मारून दाखवला. वर, खाली, वर, खाली. बत्तीस वर्षांची, चाळीस वर्षांची, कोण जाणे किती वर्षांची सवय, घड्याळासारखा हात. विद्वानांनी डोळे बारीक करून चार वेळा मान हलवली.

"दोर यांच्या हातात द्या. सगळ्यांच्या पुढं."

"पण हात," धिप्पाड गृहस्थ म्हणाले आणि पुरावा म्हणून उपरणं उघडून दाखवलं.

"मला हात ऐकू येत नाहीत!" विद्वान गरजले. "घसरला तर उपरणं गुंडाळा त्याला!"

आणि ते कोरं उपरणं, मामंजींच्या नशिबासकट, दोराला गुंडाळलं गेलं. मामंजींनी त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. लगेच ओढलं नाही. जरा वेळ नुसते धरून उभे राहिले. मग विद्वानांनी तविलावर काठी टाकली आणि मामंजींनी पंपाचा पहिला दांडा मारला.

टण.

बरोबर समेवर. गर्दीतून "आहा!" असा आवाज आला. सगळे लटकलेले हात एकदम मांडीवर पडले. टण, आणि मध्ये खर्रर्र, ते तांदूळ. देव फिरले, नागस्वरम फिरलं, खालून आमची पिंपं साथ करत होती. एका कोपऱ्यावर वळताना मामंजी घाईत आले तर विद्वान ओरडले, "थांबा, थांबा, तेल संपत नाही!" तेव्हा देवाचे भटजीसुद्धा हसले. हे माझ्या शेजारी डोळे पुसत होते आणि मला दर टणला कोपरखळी मारत होते. तेही आपल्या घरचंच वळण.

फेऱ्या झाल्या. मामंजी वर आले तेव्हा त्यांना धड चालता येत नव्हतं, आणि तळव्यांना फोड आले होते. धिप्पाड गृहस्थांनी उपरणं परत घेतलं नाही. "ठेवा तुम्हीच. आता ते धुऊन निघायचं नाही," म्हणाले. पुढच्या वर्षीही पिंपं तुमचीच, असं सांगून गेले. विद्वानांनी फळीवरूनच निरोप पाठवला, की सुपारी हीच घाला, ओली घालू नका, बसका आवाज येतो.

घरी आल्यावर मी आत्याबाईंच्या आणि मग मामंजींच्या पाया पडले. वाकताना सवयीनं डोकं आखडून घेतलं, पण टणकन काही बसलं नाही. काहीतरी ऊबदार, मोठं आणि खरखरीत सगळ्या डोक्यावर पसरलं. मामंजींचा तळवा. तो तिथं बराच वेळ राहिला. बहुधा कधी उचलायचा असतो ते त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, म्हणून मी तशीच वाकून राहिले, शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "पुरें. तिची कंबर जाईल." माझ्या केसांना दोन दिवस काथ्याचा, चिंचेचा आणि थोडासा बसच्या शेडचा वास येत होता. मी न्हायले नाही.

देवळानं पिंपं परत पाठवली ती रिकामी नव्हती. प्रत्येकात प्रसादाची खडीसाखर घातली होती. बुचं उघडेपर्यंत आम्हाला ते कळलं नाही, मुंग्यांना कळलं. पुढं आठवडाभर 'चांगलं', 'बरं' आणि 'वाईट' यांच्यात काहीएक फरक न करता त्या रांगेनं आत-बाहेर करत होत्या. आत्याबाई म्हणाल्या, चालायचेंच, देण्याघेण्यांत असें होतें.

त्याआधीच, उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या शेडमधून निरोप आला होता, तेल पुष्कळ साठलंय, या. मामंजींनी दुपारपर्यंत ऐकलं नाही असं केलं. ओसरीवर दोन्ही तळवे उघडे ठेवून बसले, येईल-जाईल त्याला फोड दाखवत. मग उठले, तळव्यांकडे एकदा बघितलं आणि गाडी जोडली. संध्याकाळी मी चुलीपाशी होते तर दारातून आधी एक कोपर आत आलं. मी लोटा कडेनं धरला.